आज्ञाधारक वाद्ये : प्रस्तावना

सन १९८० नंतरच्या दशकात, सामान्य गृहस्थाला परवडावेत आणि घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून चालविता यावेत अशा बेताने जे लहान संगणक युरोप-अमेरिकेत विक्रीस आले, आणि ज्यांपैकी थोडे आप्तेष्टांच्या सामानातून, थोडे देशी कारखानदारांच्या परवान्यावर व थोडे सरकारी योजनेच्या द्वारे आपल्याही देशात पोहोचले, त्यांच्याकडून वाद्ये वाजवून घेण्याची विद्या हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. विषय असा की, त्याचे नाव काढताच दोन परस्परविरुद्ध पक्ष एकाच वेळी हरकत घेतात. गायक-वादकांचा पक्ष म्हणतो, यंत्राला सुराची जाण ती काय असणार. आणि यंत्रज्ञांचा पक्ष म्हणतो की, ज्या काळी शाळकरी मुलाच्या हातातील फोन शंभर वाद्यांचा मेळ बसवून देतो, त्या काळी अठ्ठेचाळीस किलोबाइट स्मृतीच्या, केव्हाच मोडीत निघालेल्या यंत्राची उठाठेव कशासाठी? पहिल्या पक्षाचे म्हणणे मला सर्वस्वी मान्य आहे, आणि तेच दुसऱ्या पक्षाला दिलेले उत्तरही आहे. जाण असल्याचा आव आणणारे यंत्र विद्यार्थ्याला काही शिकवीत नाही. त्याला न विचारता शेकडो निर्णय ते परस्पर घेऊन मोकळे होते. जुन्या गृहसंगणकाला मात्र षड्ज कोठे, गांधार किती उतरा, मात्रा केवढी आणि सम केव्हा, हे सारे आपणच लिहून द्यावे लागते. आणि ते लिहून देताना, आजवर हाताला ठाऊक असलेली परंतु जिभेवर न आलेली गोष्ट प्रथमच शब्दांत व अंकांत मांडण्याचा प्रसंग येतो. या पुस्तकाचे समर्थन करावयाचे तर ते एवढ्यावरच करता येईल.

आमच्या उमरी गावाचे नाव इतिहासाच्या दप्तरात दाखल आहे ते हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४८ साली तेथील बँकेवर पडलेल्या धाडीमुळे. संगीताच्या संबंधात ते कोणी घेत नाही. तथापि नांदेड-लातूरकडील कोणत्याही गावाप्रमाणे येथेही सप्ताहात पखवाज आणि पेटी आहे, काकड्याला टाळ आहेत आणि लग्नसराईत बेंजो पार्टी आहे. त्या बेंजो पार्टीच्या गाडीवर उभा असलेला तरुण ज्या आठ खणांच्या रबरी पाटीवर काड्या मारतो, त्या ऑक्टोपॅडचा मूळपुरुष, म्हणजे जपानच्या रोलंड कंपनीने १९८५ साली काढलेला पॅड-८, हा स्वतः मुका होता, हे आमच्याकडील वादकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. काडी कोणत्या खणावर पडली आणि किती जोराने पडली एवढी वर्दी तारेवाटे दुसऱ्या यंत्राला पोहोचविणे इतकेच त्याचे काम. आवाज काढावयाचा तो त्या दुसऱ्याने. हुकूम देणारा एक आणि वाजणारा दुसरा अशी ही जी कामाची वाटणी, तिच्यावरच पुढील सगळी विद्या उभी आहे. कारण हुकूम देणाऱ्याच्या जागी काडी धरलेला हात असलाच पाहिजे असे नाही, तेथे संगणकही बसविता येतो.

या हुकमांची भाषा १९८३ साली ठरली. अमेरिकेतील सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या कारखानदारांना एका मसुद्यावर राजी केले, आणि त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात दोन निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. तीच मिडी. तिची कलमे मोजकी आहेत. पाच खिळ्यांचा गोल जोड, सेकंदास ३१,२५० बिटांचा वेग, सोळा मार्ग, आणि स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक, ज्यांत पेटीच्या मध्य सप्तकातील पांढरी एक ही साठावी. एक स्वर लावण्याचा हुकूम तीन अंकांचा असतो : १४४ म्हणजे पहिल्या मार्गावर स्वर लावावा, त्यानंतर स्वराचा क्रमांक, त्यानंतर आघाताचा जोर. प्रत्येक अंकाचे आठ बिट आणि त्यांच्या आगेमागे राखणीचा एकेक, असे दहा बिट तारेवरून जातात, म्हणून संपूर्ण हुकूम पोहोचण्यास जवळजवळ एक सहस्रांश सेकंद लागतो. आणखी एक कलम असे आहे की, दोन यंत्रांच्या विजेचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध येऊ द्यावयाचा नाही. घेणाऱ्याच्या बाजूस एक इवलासा दिवा लुकलुकतो आणि त्याच्या प्रकाशावरून संदेश वाचला जातो. ज्यांनी मंडपातील वायरिंग पाहिले आहे, आणि ध्वनिक्षेपकातून घुमणारी विजेची गुणगुण अभंगाच्या पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत ऐकली आहे, त्यांना या कलमाचे मोल सांगावयास नको.

आता संगणकांविषयी. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ च्या एप्रिलमध्ये निघाला, आणि त्याच्या पुढील आवृत्तीची देशी प्रत डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवान्याने विकली. इंग्लंडातीलच दुसरा संगणक, बीबीसी मायक्रो, हा १९८४-८५ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून आपल्या शाळांत आला. कॉमोडोर ६४ हाही त्याच पिढीचा, आणि केवळ आवाजाच्या गुणाने पाहता या सगळ्यांत सरस. परंतु मी येथे स्पेक्ट्रमला अग्रस्थान दिले आहे, आणि त्याचे कारण वाचकाला चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. स्पेक्ट्रमचा आवाज अगदी सामान्य. त्यात एका बिटाने थरथरणारा एक लहानसा कर्णा असून, ‘बीप’ ही आज्ञा चालू असेतो यंत्र दुसरे कोणतेही काम करीत नाही. असे असूनही त्या ‘बीप’ला स्वर सांगावयाचा तो पांढऱ्या एकपासून किती अर्धस्वर वर, या हिशेबाने सांगावयाचा असतो, आणि तो अंक पूर्णच असला पाहिजे अशी सक्ती नाही, अपूर्णांकही चालतो. यंत्रासोबत मिळणारे पुस्तक स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिले आहे, आणि त्यातील ध्वनीच्या प्रकरणात त्यांनी भारतीय संगीताचा नामनिर्देश करून, अर्धस्वराहून लहान अंतरे या आज्ञेने विनासायास मिळतात असे नमूद केले आहे. केंब्रिजच्या एका स्वस्त यंत्राच्या माहितीपुस्तकात आमच्या श्रुतींची ही एवढी दखल घेतली जावी, आणि आमच्या बाजारातील महागड्या की-बोर्डांच्या पुस्तकांतून मात्र ती शोधूनही सापडू नये, याचा मला पुष्कळ दिवस विस्मय वाटत आला आहे.

अपूर्णांकाचे एवढे माहात्म्य कशासाठी, हे समजण्यास गांधाराचे उदाहरण पुरेसे आहे. सप्तकाचे बाराशे भाग कल्पिले, ज्यांना सेंट म्हणतात, तर षड्ज पांढऱ्या एकवर धरल्यास पेटीचा शुद्ध गांधार, म्हणजे पांढरी तीन, बरोबर चारशेव्या भागावर असतो. परंतु तानपुऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा, षड्जाशी पाचास चार या प्रमाणात असणारा गांधार ३८६ व्या भागाच्या किंचित पुढे आहे. चौदा भागांचा हा चढेपणा कानाला टोचतो. सन १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला जी बंदी घातली आणि जी सुमारे तीस वर्षे टिकली, तिच्या कारणांत स्वराभिमान, देशाभिमान आणि हट्ट हे सारखेच मिसळलेले होते. तथापि कान दुखावल्याची तक्रार खोटी नव्हती. स्पेक्ट्रमला पेटीचा गांधार हवा असेल तर ४ लिहावे, तानपुऱ्याचा हवा असेल तर ३.८६ लिहावे. बीबीसी मायक्रो अर्धस्वराचे चारच भाग पाडू शकतो, त्यामुळे त्याच्याकडे गांधार एक तर अकरा सेंट उतरलेला नाही तर चौदा सेंट चढलेला मिळतो. शाळांना बीबीसी मायक्रो मिळाला आणि रसिकांना स्पेक्ट्रम, अशी ही विभागणी झाली.

श्रुतींचा अंकांनी निवाडा करण्याची खटपट आपल्याकडे संगणकाच्या फार आधीची आहे, आणि तिचा मान महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याकडे जातो. सांगलीचे डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी, अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाचे गाणे समोर ठेवून, तारेच्या लांबीवरून स्वरांची स्थाने ठरविली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. वादातील शेताचा बांध साखळी टाकून कायम करावा, तसे त्यांनी रिषभ-गांधारांचे बांध कायम केले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील ई. क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, श्रुतींची पेटी तयार झाली, १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर खल झाला. आणि भातखंडे यांच्यासारख्या पंडितांना ती काही पटली नाही. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा सिद्ध करून हा दावा नव्याने दाखल केला आहे. देवलांची गणिते चुकली नव्हती. परंतु रागात गांधार एका बिंदूवर उभा राहत नाही, तो येतो-जातो, आणि बांध कायम करणाऱ्या पद्धतीला जाण्या-येण्याची नोंद ठेवता येत नव्हती, हे भातखंड्यांच्या पक्षाचे म्हणणेही बरोबरच होते. संगणकाचा खरा उपयोग येथे सुरू होतो. कारण त्याला स्थानही सांगता येते आणि मार्गही.

मिडीच्या भाषेत मात्र अपूर्णांक नाही. तेथे साठ आणि एकसष्ट यांच्या मध्ये काही नसते, आणि पेटीचे बारा पडदे त्या मसुद्यात जसेच्या तसे कायदा होऊन बसले आहेत. याला नेहमीची पळवाट अशी : स्वर वाकविण्याची स्वतंत्र आज्ञा, जिच्यात ० ते १६,३८३ असे अंक असून ८,१९२ म्हणजे न वाकविलेला स्वर. रूढ ठरावाप्रमाणे ही आज्ञा खाली दोन व वर दोन अर्धस्वर इतका पल्ला गाठते, म्हणजे एका सेंटाला सुमारे एकेचाळीस पायऱ्या मिळतात. चौदा सेंटांना किंचित कमी असा उतार हवा, म्हणून ५६१ पायऱ्या खाली यावयाचे, म्हणजे ७,६३१. या अंकाचे सात-सात बिटांचे दोन तुकडे केले की ७९ आणि ५९ मिळतात. तेव्हा तानपुऱ्याशी जुळणारा गांधार पाहिजे असल्यास तारेवरून प्रथम २२४, ७९, ५९ आणि त्यामागोमाग १४४, ६४, ९० असे सहा अंक पाठवावे लागतात. त्याला दोन सहस्रांश सेकंदही लागत नाहीत. ही आज्ञा त्या मार्गावरील सर्व स्वरांना एकदम वाकविते, यास्तव षड्ज धरून ठेवून गांधार वाजवावयाचा असेल तर दोघांना निरनिराळे मार्ग द्यावे लागतात. पुष्कळ स्वस्त वाद्ये हा हुकूम अर्धवटच पाळतात, हेही ध्यानात असू द्यावे.

स्पेक्ट्रमची १२८ किलोबाइटची जी आवृत्ती १९८५-८६ मध्ये निघाली, तिला मिडीचा जोड मुळातच आहे, आणि ‘प्ले’ या नव्या आज्ञेने स्वरांची अक्षरे लिहून आठ मार्गांपर्यंत बाहेरची वाद्ये वाजविता येतात. गंमत अशी की, या सुधारलेल्या आज्ञेत अपूर्णांकाची सोय राहिली नाही. जुन्या ‘बीप’ला येणारा गांधार नव्या ‘प्ले’ला अक्षरांनी येत नाही, आणि वर सांगितलेले अंक एकेक करून सुटे पाठवावे लागतात. जे यंत्राच्या मूळ भाषेत लिहितील त्यांची अडचण वेगळी आहे. ३१,२५० च्या वेगाने एका बिटाच्या वाट्याला प्रक्रियकाच्या घड्याळाचे सुमारे ११३ ठोके येतात, आणि एवढ्या अवकाशात फार तर दहा-पंधरा सूचना पार पडतात. त्यातच स्मृतीच्या ज्या भागातून पडद्यावरचे चित्र काढले जाते तेथे कार्यक्रम ठेवला, तर चित्र काढणारा भाग प्रक्रियकाला मधूनमधून थोपवून धरतो, आणि हुकूम वाटेतच विस्कटतो. म्हणून असा कार्यक्रम वरच्या स्मृतीत ठेवावा. नवशिक्यांचे पहिले आठवडे बहुधा येथेच जातात.

लयीचे प्रकरण मला स्वराहून अधिक रोचक वाटते, आणि पुस्तकातही त्याने अधिक जागा घेतली आहे. मिडीने लय सांभाळण्यासाठी पाश्चात्त्यांच्या एका मात्रेचे चोवीस ठोके ठरविले. चोवीसला दोन, तीन, चार, सहा, आठ यांनी भाग जातो. दुगुन, तिगुन, चौगुन सुखाने बसतात, आडीचीही सोय होते. कुआडी म्हटली की पाचाने भागावे लागते आणि बिआडीला साताने, आणि तेथे चोवीस हात टेकतात. स्पेक्ट्रमचे स्वतःचे घड्याळ सेकंदाला पन्नास वेळा टोला देते. मात्रा एक सेकंदाची धरली तर पाचपट बिनचूक येते, परंतु तिगुन सोळा पूर्णांक दोन-तृतीयांशावर अडकते. जी लय मिडीला साधते ती या घड्याळाला साधत नाही, आणि जी याला साधते ती मिडीला. उपाय जमाखर्चाचा आहे : प्रत्येक ठोक्याला उरलेली बाकी टाकून न देता पुढे ओढावयाची, आणि ती पुरी एक झाली की तो टोला त्या वेळच्या बोलाच्या नावे मांडावयाचा. मधला एखादा बोल पन्नासांश सेकंदाने मागेपुढे होतो, पण सम चुकत नाही. ज्यांनी एखाद्या जुन्या पखवाजियाला लांब परणाच्या मध्ये मोकळा सुटून समेवर अचूक उतरताना ऐकले आहे, त्यांना हे गणित मनुष्य फार पूर्वीपासून करीत आला आहे हे निराळे सांगावे लागणार नाही.

या सर्व विषयाचे सर्वोत्तम उदाहरण आपल्या देशात घडले आहे, आणि त्याला महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. इंग्रज संगीतशास्त्रज्ञ जेम्स किपन हे लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते, आणि फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी त्यांच्यासाठी १९८० च्या दशकात ॲपल टू-सी या लहानशा संगणकावर ‘बोल प्रोसेसर’ नावाचा कार्यक्रम लिहिला. आरंभी तो केवळ बोल टिपण्याचे साधन होता. एकेका कळीला एकेक बोल नेमून दिलेला, म्हणजे उस्ताद बोलतील त्या गतीने लिहून घेता यावे. पुढे त्यात नियम आले. कायद्याचा मुखडा घेऊन त्याचे पलटे कसे करावे, कोणता तुकडा कोणाच्या जागी चालतो, भरीचे बोल खालीत कसे बदलतात, धाचा ता, धिंचा तिं आणि गेचा के कोठे होतो, हे सारे व्याकरणाच्या सूत्रांप्रमाणे मांडले. आणि त्या सूत्रांवरून संगणक नवनवे पलटे लिहून देऊ लागला. ते पलटे जाणकारांसमोर ठेवले जात. हा चालेल, हा व्याकरणाने शुद्ध आहे पण कोणी वाजविणार नाही, हा मुळीच नव्हे, असा निकाल मिळे. आणि त्या निकालाप्रमाणे सूत्रे बदलली जात. उलट दिशेनेही परीक्षा होई : उस्तादांनी वाजविलेला पलटा आपल्या सूत्रांत बसतो की नाही, हे यंत्राने सांगावयाचे, बसला नाही तर दोष सूत्रांचा.

पहिल्या बोल प्रोसेसरने एकही वाद्य वाजविले नाही. त्याचे हुकूम कागदावर येत आणि माणसाचे हात ते पाळीत. मिडीच्या तारेवाटे वाद्ये वाजविणारी आवृत्ती त्यानंतर मॅकिंटॉशवर आली. असे असूनही वाद्य-नियंत्रणाच्या विद्येत मी पहिल्या आवृत्तीला अधिक मान देतो, कारण तिने निकाल देण्याचा अधिकार कोणाकडे राहावा हे बिनचूक ठरविले. यंत्र प्रस्ताव मांडील, मंजुरी उस्तादांची. आजकाल संगीत रचून देणारी जी यंत्रे निघाली आहेत त्यांचे कर्ते बहुधा हजारो ध्वनिमुद्रिका यंत्राला ऐकवून मोकळे होतात. कोणता पलटा का नामंजूर झाला, याची नोंद त्यांच्या दप्तरात नसते. किपन-बेल यांच्या कामात सगळे मोल त्या नामंजुरीच्या नोंदींचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेल यांनी मुंबईच्या एनसीपीए या प्रयोगकला केंद्रात रागसंगीतातील स्वरांच्या हालचाली मोजण्याच्या कामातही भाग घेतला, म्हणजे देवलांना जी नोंद ठेवता आली नव्हती तीच ठेवण्याचा तो उद्योग होता. पुढे ते पुण्यास हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांच्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहकार्यात सामील झाले, आणि खेड्यापाड्यांतील बायांचे आवाज त्यांनी ध्वनिमुद्रित केले. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहात मराठवाड्यातील ओव्याही आहेत. तबल्याचे व्याकरण लिहिणारा मनुष्य जात्यापाशी जाऊन पोहोचला, हे मला अपघाताने घडलेले वाटत नाही. ओवीच्या घडणीचा जो नियम, तोही कोणी शिकविल्यावाचून पाळला जाणारा व्याकरणाचाच नियम आहे.

वाचकाजवळ मूळ यंत्र नसल्यास खंत करू नये. त्यांच्यातील धारित्रे सुकली आहेत, कळा बसल्या आहेत, आणि कार्यक्रम ज्यावर साठवीत त्या कॅसेटी अभंग-भारुडांच्या कॅसेटींबरोबरच बुरशी धरून गेल्या आहेत. आजच्या संगणकावर जुन्या संगणकाचे हुबेहूब सोंग वठविणारे कार्यक्रम विनामूल्य मिळतात, आणि या पुस्तकातील बहुतेक सर्व पाठांना ते चालतात. बिटांच्या वेळेचे पाठ तेवढे खऱ्या यंत्रावर करावेत. बाहेरचे वाद्य कोणतेही चालेल, त्याला मिडीचा गोल जोड असला म्हणजे झाले. असे जुने की-बोर्ड बेंजो पार्ट्यांच्या अडगळीत पडलेले असतात, आणि विचारणाऱ्याला ते सहसा मिळतात.

प्रकरणांचा क्रम विचारपूर्वक लावला आहे : प्रथम ‘बीप’वर एकटा षड्ज आणि त्याच्याशी जुळविलेला गांधार, नंतर केरव्याचे आठ बोल आणि बाकी पुढे ओढण्याचे गणित, त्यानंतर मिडीचे हुकूम, आणि पलट्यांची सूत्रे सर्वांत शेवटी. दुसऱ्या प्रकरणापासून पुढे प्रत्येक पाठ गावातील एखाद्या पेटीवाल्याला किंवा पखवाजियाला ऐकवावा, तो जे नापसंत करील ते वहीत कारणासह उतरून घ्यावे, आणि त्याने मान हलविल्याखेरीज पुढील पाठाला हात घालू नये, एवढी वाचकांस विनंती आहे.